काळी एकमध्ये गाणारी पिकअप

ऊंऽऽऽऽऽऽऽऽ!

ओळख पाहू, हा आवाज कुणाचा?

डास म्हणतेस? डास म्हणतोस? जवळपास बरोबर! पण हा डास चांगला दीड टनाहून जड आहे. त्याला चार चाकं आहेत. मागे उघडा हौदा आहे आणि हौद्यात केळीचे घड रचलेत!

अरे, ही तर वसईची पिकअप!

तू वसई-विरारकडे राहत असशील, तर तुला हे सांगायलाच नको. नसशील, तर ऐक. इथे रेल्वेच्या पश्चिमेला, समुद्राकडे निघालं की आगाशी, वाघोली, निर्मळ, भुईगाव अशी गावं लागतात. गावांमध्ये वाड्या. वाड्यांमध्ये केळी, भाजी, मोगरा, सोनचाफा. तिकडे अर्नाळ्याला मासे. आणि हे सगळं बाजारात न्यायचं कुणी? पिकअपने! पहाटे आपण गादीवर लोळत असतो, तेव्हा ही गाडी घरघरत निघालेली असते. फुलं कोमेजायच्या आत पोचायला हवीत ना!

आता अशी एक पिकअप डोळ्यांसमोर आण. पावसाळा नुकताच सरलाय. रोज घरघर करणारी ही गाडी अचानक नवाच सूर लावते. ऊंऽऽऽ! हळू चालली की सूर खाली. वेगात गेली की सूर वर. थांबली की सूर गप्प!

ड्रायव्हरदादा वैतागून म्हणतात, “गाडी रडायला लागली!”

मला विचारशील तर गाडी रडत नाहीये. ती सांगतेय. नुसतं सांगतही नाहीये, आकडे देतेय! कसे ते बघू.

आधी तो डास आठव. रात्री कानाशी येऊन गुणगुणतो ना? गंमत म्हणजे त्याच्या तोंडातून आवाज येतच नाही! तो आवाज पंखांचा असतो. डासाचे पंख एका सेकंदात शेकडो वेळा फडफडतात. एकेक फडफड वेगळी ऐकणं आपल्या कानाला जमत नाही. मग कान काय करतो? सगळ्या फडफडी एकत्र करतो आणि आपल्याला एकच लांब सूर ऐकवतो. ऊंऽऽऽ!

म्हणजे सूर म्हणजे काय? भराभर, एकसारख्या अंतराने पडणारे टोले! टोले जितके भराभर, तितका सूर वरचा.

खरं वाटत नाही? मग सायकल काढ. ती स्टॅण्डवर उभी कर, म्हणजे मागचं चाक अधांतरी राहील. एक जाड पुठ्ठा घे. चाक हळू फिरव आणि पुठ्ठ्याची कड तारांना, म्हणजे स्पोक्सना, अलगद टेकव. टक्, टक्, टक्! आता मित्राला पेडल जोरात मारायला सांग. टक्-टक्-टक्-टर्रर्रऽऽऽ! टकटक गेली कुठे? तिचा सूर झाला! (बोटं मात्र तारांपासून लांब हं. पुठ्ठा लांबलचकच घे.)

हा खेळ आजचा नाही बरं! रॉबर्ट हूक नावाचे एक मोठे इंग्लिश शास्त्रज्ञ होते. त्यांनी 1681 साली लंडनमध्ये दातेरी चाक फिरवून असाच सूर काढून दाखवला. पुढे 1830 च्या सुमारास फ्रान्समधल्या फेलिक्स सावार यांनी दातेरी चाकाला पुठ्ठा लावून सूर मोजले. दात किती, फेऱ्या किती, गुणाकार केला की सेकंदाला टोले किती ते कळलं! दोघंही मोठे विद्वान. तरी चाकाला काहीतरी लावून टर्रर्र करायचा मोह त्यांनाही आवरला नाही.

आता पुन्हा पिकअपकडे.

पिकअपच्या पोटात दातेरी चाकंच दातेरी चाकं असतात! एकाचे दात दुसऱ्याच्या दातांत अडकतात आणि एक फिरलं की दुसरं फिरतं. त्यांना गिअर म्हणतात. प्रत्येक दात दुसऱ्या दाताला भेटला की एक बारीकसा टोला. शेकडो दात, शेकडो टोले, आणि मग... ऊंऽऽऽ!

म्हणजे गाडीखाली एक मोठा डासच बसलाय. तो नेमका कुठे बसलाय, तेवढं शोधायचं!

हे काम गॅरेजमधल्या मेस्त्रीकाकांचं. वसईच्या पूर्वेला वालीव, सातिवली या भागांत कारखाने खूप. हायवे जवळ. त्यामुळे टेम्पो आणि पिकअपही खूप. मेस्त्री तर हवेतच! चांगला मेस्त्री गाडी आली की लगेच पाना हातात घेत नाही. आधी प्रश्न विचारतो. अगदी डॉक्टर विचारतात तसे. कधी दुखतं? कुठे दुखतं? जेवल्यावर की जेवणाआधी?

पहिला प्रश्न: गाडी उभी असताना, नुसतं इंजिन चालू ठेवलं तर आवाज येतो का?

येत असेल तर चोर पुढे, इंजिनपाशी आहे. तिथे एक रबरी पट्टा असतो, फॅनबेल्ट. तो अल्टरनेटर फिरवतो. अल्टरनेटर म्हणजे गाडीची बॅटरी भरणारं छोटं वीजघर. पट्टा सैल झाला की घसरतो आणि किंचाळतो. मेस्त्री त्यावर थोडं पाणी शिंपडून बघतात. आवाज क्षणभर थांबला किंवा बदलला, तर पट्ट्याचीच लबाडी!

आपल्या पिकअपचं काय? उभी असताना एकदम गुणी बाळ! आवाज नाही.

म्हणजे फॅनबेल्ट सुटला. निर्दोष!

दुसरा प्रश्न: गाडी रिकाम्या, सरळ रस्त्यावर वेगात असताना गिअर काढून न्यूट्रल केला तर?

न्यूट्रल म्हणजे काय, ते आधी सांगते. इंजिन आणि चाकं यांची गट्टी तोडायची. इंजिन आपलं हळूच भुरभुरत राहतं आणि गाडी आपल्याच वेगाने पुढे घरंगळते. आता आवाज जर इंजिनबरोबर खाली उतरला, तर चोर पुढच्या भागात. पण तो गाडीच्या वेगाबरोबरच चालू राहिला, तर चोर मागे, चाकांच्या बाजूला!

(ही चाचणी मेस्त्रीकाकांनीच करायची. घरच्या गाडीत कुणाला “न्यूट्रल करून बघा ना” असा हट्ट करू नकोस.)

आपल्या पिकअपचा आवाज? घरंगळतानाही चालूच होता. जरासा मवाळ झाला, पण होता!

सापडला माग! चोर मागे आहे.

मागे काय असतं? चल, गाडीखाली डोकावू. म्हणजे मनातल्या मनात हं! खऱ्या गाडीखाली कधीच जायचं नाही. रस्त्यावर समोरच्या पिकअपच्या मागून जाताना मात्र बघ. दोन मागच्या चाकांच्या मधोमध एक लोखंडी, फुगीर गोळा दिसतो. पाण्यातून चिखलातून जाऊन मळलेला, काळाकुट्ट. आत्तापर्यंत कधी लक्ष गेलं होतं त्याच्याकडे?

त्याचं नाव डिफरेन्शियल. नाव मोठं, पण काम ऐकलंस तर हसशील.

शाळेत कवायतीच्या वेळी सगळी रांग हातात हात धरून वळते, आठवतं? आतल्या टोकाचा मुलगा जागेवरच पावलं टाकतो. आणि बाहेरच्या टोकाचा बिचारा? धावत सुटतो! तसंच गाडीचं. गाडी वळते तेव्हा बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, आतलं कमी. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट जोडली असती, तर वळताना एक चाक फरफटत गेलं असतं. टायर झिजून गेले असते! म्हणून त्या गोळ्यात गिअर बसवलेत. ते म्हणतात, “तू जोरात फिर, तू हळू फिर, आम्ही सांभाळतो!”

त्याच गोळ्यात आणखी एक जोडी राहते, तिचं नाव क्राऊन-पिनियन. पिनियन छोटा, कमी दातांचा. क्राऊन मोठा, ताटाएवढा, पुष्कळ दातांचा. इंजिनकडून येणारा लांब दांडा पिनियन फिरवतो, पिनियन क्राऊन फिरवतो, आणि क्राऊन चाकांना फिरवतो.

आणि आता माझा सगळ्यात आवडता भाग. हिशेब! पळू नकोस, सोपा आहे.

समज, क्राऊनला 40 दात आहेत. पिकअपचं चाक एक फेरी फिरलं की गाडी साधारण 2 मीटर 20 सेंटीमीटर पुढे जाते. गाडी ताशी 40 किलोमीटरने चालली, तर एका सेकंदात जाते 11 मीटर. म्हणजे चाकाच्या 5 फेऱ्या. सरळ रस्त्यावर क्राऊन चाकांबरोबरच फिरतो, म्हणजे क्राऊनच्याही 5 फेऱ्या.

5 गुणिले 40?

200! एका सेकंदात 200 टोले. टाळ्या वाजवून बघ जमतायत का!

गाडी थोडी दामटली. ताशी 55. आता टोले होतात सेकंदाला सुमारे 278. आणि ऐक, ऐक, गंमत ऐक! पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, मधल्या सप्तकातली काळी एक दाबली की हवेत सेकंदाला सुमारे 277 कंपनं होतात!

म्हणजे ताशी 55 ला ही पिकअप चक्क काळी एकमध्ये गाते!

गाणं शिकत असशील तर गुरुजींना विचार, काळी एक हा कितीजणांचा आवडता सूर. पिकअपला तो आपोआप लागतो. तालमीशिवाय!

आता तू म्हणशील, छोट्या पिनियनला दात कमी, मग त्याचा सूर वेगळा का नाही? समज, त्याला 10 दात आहेत. क्राऊनची एक फेरी होईपर्यंत त्याच्या 4 फेऱ्या होतात. 10 गुणिले 4, पुन्हा 40! टाळी दोन हातांनी वाजते, पण आवाज एकच ना? तसंच हे.

जरा थांब. वसईत आहोतच, तर एका दुसऱ्या आवाजाकडे बघून येऊ. 1739 साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसईचा किल्ला जिंकला. त्या मोहिमेत मिळालेल्या मोठमोठ्या घंटा मराठ्यांनी देवळांना दिल्या. भीमाशंकरची घंटा आणि वाईजवळच्या मेणवलीची घंटा त्यांतलीच, असं सांगतात. घंटा हळू वाजव की जोरात वाजव, तिचा सूर तोच! कारण तो सूर ठरतो घंटेच्या आकारावरून आणि जाडीवरून. गिअरचं उलटं. त्याचा सूर वेगाबरोबर पळतो. म्हणून सूर वेगाबरोबर वर-खाली झाला की मेस्त्रीकाका लगेच म्हणतात, “काहीतरी फिरणारं आहे!”

आता चोर मागे आहे हे कळलं. पण मागेही संशयित दोन. एक, डिफरेन्शियलचा गोळा. दोन, चाकांची बेअरिंगं. बेअरिंग म्हणजे दोन लोखंडी कड्या आणि त्यांच्यामध्ये छोटे गोल छर्रे किंवा रूळ. त्यांच्यावर चाक गुळगुळीत फिरतं. छर्रे खरबरीत झाले की तेही बोंब मारतात.

ओळखायचं कसं? गाडी वळवून!

एसटीत बसल्यावर काय होतं ते आठव. एसटी डावीकडे वळली की आपण सगळे कुठे कलंडतो? उजवीकडे! शेजारच्या आजींच्या पिशवीवर! गाडीचंही वजन तसंच उजव्या चाकांवर जातं. म्हणून डावीकडे वळताना आवाज वाढला, तर संशय उजव्या चाकाच्या बेअरिंगवर. उजवीकडे वळताना वाढला, तर डाव्या. चोरावर वजन टाकलं की चोर ओरडतो!

आपली पिकअप डावीकडे वळली. आवाज तोच. उजवीकडे वळली. तोच!

मग शेवटची युक्ती. अॅक्सिलेटरवर पाय दिला की आवाज मोठा, आणि पाय उचलला की लहान! का बरं? गिअरच्या प्रत्येक दाताला दोन बाजू असतात. इंजिन ढकलत असतं तेव्हा दाताची एक बाजू टेकते. पाय उचलला की उलट चाकंच इंजिनाला ओढायला लागतात आणि दाताची दुसरी बाजू टेकते. म्हणजे गडबड एका बाजूला आहे, आणि ती क्राऊन-पिनियनपाशी आहे!

तरी मेस्त्रीकाका खात्री करून घेतातच. गाडीचा मागचा भाग उचलून भक्कम स्टॅण्डवर ठेवतात आणि मागची चाकं अधांतरीच फिरवतात. मग एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतात, त्याचं टोक त्या गोळ्याला लावतात आणि मूठ... कानाला! होय, कानाला!

वेडेपणा वाटतो? पॅरिसमधले डॉक्टर लेनेक यांनी 1816 साली काय केलं माहितेय? कागदाची सुरळी केली, तिचं एक टोक रुग्णाच्या छातीवर आणि दुसरं आपल्या कानाला लावलं. हृदयाची धडधड मस्त ऐकू आली! स्टेथोस्कोपचा जन्म असा झाला. मेस्त्रीकाकांचा स्टेथोस्कोप पोलादी, एवढाच फरक. पोलादातून आवाज हवेपेक्षा जवळजवळ 15 पट वेगाने जातो. आणि आजूबाजूच्या गोंगाटात हरवतही नाही. वर्गात बाकाला कान लावून बघ, आणि शेजाऱ्याला बाकाच्या दुसऱ्या टोकाला नखाने खरवडायला सांग. केवढा आवाज! (मधल्या सुट्टीत हं.)

स्क्रू-ड्रायव्हर पुढच्या टोकाशी लावला, जिथे पिनियन बसतो तिथे. घुर्रर्रर्र! इथेच!

चोर सापडला. पण तो बिघडला कसा?

मेस्त्रीकाकांनी गोळ्याच्या तळाचा बोल्ट उघडला. आत गिअरचं तेल असतं. चांगलं असेल तेव्हा ते मधासारखं दाट आणि पिवळसर दिसतं. बाहेर काय आलं?

दुधाचा चहा!

अगदी तसाच रंग. चहात बिस्कीट बुडवलंस तर फसशील, इतका! पण वास? शी! सडलेल्या अंड्यासारखा. तो वास मात्र बिघाडाचा नाही बरं. गिअरच्या तेलात मुद्दाम गंधकाची औषधं घातलेली असतात. दातांवर प्रचंड दाब पडतो ना, तो सोसायला ती मदत करतात. गॅरेजमध्ये हे तेल सांडलं की हातांचा वास साबणानेही लवकर जात नाही.

तेलात पाणी शिरलं आणि घुसळलं गेलं की त्याचा असा चहा होतो. म्हणजे गोळ्यात पाणी शिरलंय. पण गोळा तर बंद असतो! मग पाणी आत गेलं कुठून?

हे मला फार आवडतं. आईने गरम गरम भात डब्यात भरला आणि झाकण घट्ट लावलं. दुपारपर्यंत डबा गार झाला. आता उघड बघू! निघतं का झाकण? नाही! कारण गरम हवा गार झाली की आकसते. डब्याच्या आतली हवा आकसली, आणि बाहेरच्या हवेने झाकण दाबून धरलं.

पिकअपचं तेच झालं. वसई-विरारमध्ये पावसाळ्यात पाणी तुंबतं, हे तू ऐकलं असशील. 2018 च्या जुलैत तर इतकं तुंबलं की रेल्वेगाड्या ठप्प झाल्या आणि गावं पाण्यात गेली. आता बघ. पिकअप भरधाव आलीय. गोळा तापलाय. आणि गाडी शिरली गुडघाभर थंड पाण्यात! गोळा झटकन गार झाला. आतली हवा आकसली. आता बाहेरून काहीतरी आत ओढलं जाणार. एरवी हवा आत यावी म्हणून वरच्या बाजूला एक चिमुकलं छिद्र असतं, ब्रीदर. म्हणजे गोळ्याचं नाकच! पण ते चिखलाने बंद झालेलं. मग? नाक बंद, तर गोळ्याने दांड्याजवळच्या रबरी सीलच्या फटीतून... सुर्रर्र! पाणी प्यायलं!

लोखंडी गोळ्याने पाणी प्यायलं! स्वतःच! कुणी पाजलं नाही!

पाणी आत गेलं की तेलाची चिकट पातळ पापुद्री टिकत नाही. ही पापुद्री केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पातळ असते. पण तीच दोन दातांना आणि बेअरिंगच्या रुळांना एकमेकांपासून दूर ठेवते. ती गेली की लोखंडावर लोखंड. पृष्ठभाग खरबरीत. पिनियनचं बेअरिंग झिजलं, थोडं सैल झालं, पिनियन जरासा हलायला लागला, दात तिरके भेटायला लागले. ऊंऽऽऽ!

आणि तो तळाचा बोल्ट? त्याच्या टोकाला अनेकदा एक छोटं लोहचुंबक असतं. झिजलेल्या लोखंडाचा बारीक भुगा तेलात फिरत फिरत तिथे येऊन चिकटतो. बोल्ट काढला की त्याला काळ्या, मऊ मिशा आलेल्या असतात! थोड्या मिशा चालतात. पण चमकणारे कण, कपच्या दिसल्या की मेस्त्रीकाकांच्या कपाळाला आठी!

या बोल्टला चांगल्या भरघोस मिशा होत्या. पण कपच्या नव्हत्या. बरं झालं! म्हणजे दात तुटलेला नाही.

आता दुरुस्ती. गोळा उघडायचा. सगळे गिअर डिझेलने धुऊन काढायचे. झिजलेली बेअरिंगं बदलायची. फाटलेलं रबरी सील बदलायचं. ब्रीदरचं नाक साफ करायचं. ते विसरलं तर पुढच्या पावसात पुन्हा चहा!

सगळ्यात नाजूक काम त्यापुढे आहे. क्राऊन आणि पिनियन पुन्हा जोडताना दोघांमध्ये किती फट ठेवायची? जास्त ठेवली तर खडखड. कमी ठेवली तर तापून खराब. ही फट असते मिलिमीटरच्या एक-दोन दशांश! वहीची दोन-तीन पानं एकत्र धर, साधारण तेवढी. ती जमवायला मेस्त्रीकाका पोलादाच्या कागदासारख्या पातळ चकत्या घालतात. एक घाल, मोज. एक काढ, मोज. त्या चकत्यांना म्हणायचं शिम.

मग ते दातांना चक्क रंग लावतात! निळा किंवा पिवळा रंग बोटाने दातांवर फासायचा आणि गिअर हाताने फिरवायचा. दात दाताला टेकला की रंग तिथून पुसला जातो आणि ठसा उरतो. अंगठ्याच्या ठशासारखा! ठसा दाताच्या मधोमध आला तर झक्कास. दाताच्या शेंड्याकडे किंवा बुडाकडे सरकला, तर पुन्हा शिम बदला. कंटाळवाणं काम! पण घाई केली तर गाडी गॅरेजच्या दारातूनच गात बाहेर पडणार. आणि ड्रायव्हरदादा तेव्हा जे गातील, ते इथे छापता येणार नाही.

एक गोष्ट राहिली. दात खराब झाले असते तर? नुसता पिनियन बदलता आला असता?

नाही! क्राऊन आणि पिनियन जोडीनेच विकले जातात. कारखान्यातच त्यांना एकमेकांवर घासून एकमेकांसाठी तयार केलेलं असतं. एकाला दुसऱ्याच्या जोडीदाराबरोबर बसवलं, की भांडण सुरू. एक गेला की दोघंही बदलायचे!

शेवटी नवं तेल. गॅरेजमध्ये त्याला नव्वद नंबर म्हणतात. भरलं, बोल्ट घट्ट केला, चाकं लावली. चक्कर मारून आले. ताशी 40, आवाज नाही. ताशी 55, काळी एक गायब! आता फक्त इंजिनची घरघर आणि हौद्यातल्या रिकाम्या क्रेटची खडखड.

मग काय, प्रत्येक ऊं म्हणजे आजार?

मुळीच नाही! कोणतीही जुनी पिकअप किंवा टेम्पो मागे घेताना कान दे. रिव्हर्स घेतला की ऊंऊंऊं! धडधाकट गाडीसुद्धा करते. कारण पुढे जायच्या गिअरचे दात तिरके कापलेले असतात. ते हळूच एकमेकांत शिरतात, घसरगुंडीवरून घसरावं तसे. रिव्हर्सच्या गिअरचे दात मात्र बऱ्याच गाड्यांमध्ये सरळ असतात. ते एकदम, धप्पकन आदळतात. सरळ दात बनवायला स्वस्त. आणि मागे किती अंतर जायचं असतं? चार पावलं! तेवढ्यापुरतं कोण तक्रार करणार?

आता शेवटचं गुपित. मघाशी हिशेब सोपा व्हावा म्हणून मी क्राऊनला 40 आणि पिनियनला 10 दात धरले. पण गिअर बनवणारे इंजिनीअर अशी जोडी सहसा घेत नाहीत. ते 41 आणि 10 घेतील!

का? पिनियनच्या एका दाताला रंग लाव. 40 आणि 10 असेल, तर तो रंगीत दात क्राऊनच्या त्याच चार दातांना पुन्हा पुन्हा भेटत राहतो. जन्मभर! त्या दातावर एखादा ओरखडा असला, तर तेच चार बिचारे मार खातात. पण 41 आणि 10 असेल, तर तो रंगीत दात फिरत फिरत क्राऊनच्या प्रत्येक दाताला एकेकदा भेटून येतो, आणि मगच पहिल्याकडे परततो. मार सगळ्यांत वाटला जातो. झीज एकसारखी होते.

हे जमतं कशामुळे? शाळेतल्या मसाविमुळे! होय, तोच महत्तम साधारण विभाजक. 40 आणि 10 चा मसावि 10. आणि 41 आणि 10 चा? फक्त 1. मसावि 1 आला की जोडी छान!

आता पेन्सिल घे आणि सांग. 39 आणि 9 ची जोडी जमेल का? 37 आणि 9 ची? आणि 42 दातांच्या क्राऊनला 7 पासून 13 दातांपर्यंतचे कोणते पिनियन शोभतील?